सीतेचा अर्ज

एकच गाणं दोघांनी गायलेलं मराठी माणसाला चालत नाही. म्हणजे ऐकायला चालतं. पण ऐकून झाल्यावर त्यातलं ‘खरं’ कोणतं याचा निकाल लागल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. ‘गीतरामायणा’चा खटला असाच सत्तर वर्षं पडून आहे. आमच्या शाखेत त्याचे वादी-प्रतिवादी एकाच डब्यातली पोळी खातात. हेडकॅशियर रेडिओ-पक्षाचे, कर्जखात्यातले आमचे मित्र बाबूजी-पक्षाचे. रामनवमीच्या आठवड्यात दोघांचे चेक एकमेकांकडून पास होत नाहीत.

खटल्याची हकिकत सर्वांना माहीत आहे, तरी रीतसर नोंदवतो. 1 एप्रिल 1955 या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं लागलं. शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडके यांची, आठवड्याला एक गाणं. वर्षाचे आठवडे बावन्न, पण त्या साली अधिकमास आला आणि गाणी झाली छप्पन्न. (आयुष्यभर व्याजाचे दिवस मोजलेल्या माणसाला सांगतो, पंचांगानं ग्राहकाला इतका घसघशीत परतावा पुन्हा दिलेला नाही.) रेडिओवर पात्रांना गळे वेगवेगळे होते. रामाची बहुतेक गाणी स्वतः फडक्यांची, सीता माणिक वर्मांची, शिवाय वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके अशी मंडळी. शेवटाकडे टाकून दिलेली सीता लक्ष्मणाला विचारते, ते गाणं लता मंगेशकरांचं. पुढे बाबूजींनी छप्पन्नच्या छप्पन्न गाणी एकट्यानं म्हटली, मंडपातही आणि ध्वनिमुद्रिकांतही. घरोघरी पोचलं ते हे.

भांडणाची खरी जागा म्हणजे ते सीतेचं गाणं. बाकीची पंचावन्न ही तोंडी लावणी आहेत.

हेडकॅशियर म्हणतात, “अहो, सीतेचं दुःख पुरुषानं गायचं म्हणजे काय? खातं बाईचं, आणि पैसे काढायला स्लिप घेऊन उभा नवरा!” मुद्दा बिनतोड आहे. लताबाईंचं ऐकताना आपण थेट त्या अरण्यात असतो. ती विचारते आहे, आणि ज्याला विचारते आहे तो खाली मान घालून उभा आहे. लक्ष्मणाला त्या गाण्यात बोलायला जागाच नाही. त्याची अडचण हळूहळू ऐकणाऱ्याकडे सरकते आणि शेवटी मान आपलीच खाली जाते. जोगियाचे स्वर असे काही लागतात, की हातातला चहा गार होतो.

बाबूजींच्या गाण्यात हे नाही. ते रडत नाहीत. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, नाणी मोजून ठेवावीत तसं. हुंदक्याऐवजी प्रश्न ऐकू येतो. रेडिओ-पक्षाच्या मते हा कोरडेपणा. मला तो कोरडेपणा वाटत नाही, आणि त्याचं कारण सांगायला थोडं मोखाड्याकडे जावं लागेल.

जव्हार-मोखाडा भागात बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर देवांची नि राक्षसांची सोंगं नाचतात. मुखवट्याआड कोणाचा मुलगा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, पण सोंग आलं की देव आला. एकदा कामासाठी त्या बाजूला गेलो असताना पोशेऱ्याच्या एका चहाच्या टपरीवर मोबाइलवर बाबूजींचं हेच गाणं लागलं होतं. बरोबर आमचे हेडकॅशियर. त्यांनी लगेच बाईचं-पुरुषाचं प्रकरण काढलं. शेजारच्या बाकावरचे म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, “आईचं गाऱ्हाणं पोरानंच सांगायचं ना? तिला कोण इचारतंय?”

बशी ओठाशी तशीच राहिली. कारण गीतरामायणाची मांडणीच ती आहे. पहिल्या गाण्यात कुश-लव रामापुढे गायला उभे आहेत, आणि पुढचं सगळं त्यांच्या तोंडून आहे. म्हणजे सीतेचा तो प्रश्न तिची मुलं विचारताहेत, आणि ज्यानं तिला घालवलं त्याच्यासमोर, भर दरबारात! आमच्याकडे अशा अर्जाला ‘योग्य मार्गानं सादर’ म्हणतात. तक्रार ज्या साहेबाविरुद्ध, त्याच साहेबाच्या टेबलावर ती पोचते. फरक इतकाच, की इथे अर्ज घेऊन आलेले कारकून साहेबाचेच चिरंजीव आहेत. असा अर्ज वाचताना हुंदका देऊन कसं चालेल? शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे. बाबूजी तसंच गातात, आणि म्हणून एका गळ्यात राम, रावण, सीता सुखानं मावतात. सोंगं बदलतात, नाचणारा तोच.

तेव्हा माझा निकाल असा, की लताबाईंनी गायली ती घडलेली गोष्ट आणि बाबूजींनी गायला तो तिचा जबाब. दुःख पाहिजे त्यानं पहिलं ऐकावं. पण रामाला काय वाटलं असेल या विचारानं झोप उडवून घ्यायची असेल, तर दुसरं.

हेडकॅशियरांना हे सांगितलं. ते बराच वेळ नोटा मोजत राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. पण साहेबांनी अर्जावर शेरा काय मारला?”

छप्पन्नावं गाणं काढून पाहिलं. त्यात वाल्मीकी मुलांना रामायण गायला पाठवतात आणि आपण पुन्हा पहिल्या गाण्याच्या दारात येऊन उभे राहतो. शेरा कुठेच नाही.