आरपार दिसतं, पण पुढे काय आणि मागे काय?

आज आपण एका चित्राची चिकित्सा करू. सीटी स्कॅनच्या शेकडो छेदांमधून संगणक शरीराची पारदर्शक त्रिमितीय प्रतिमा उभी करतो. १९८८ साली मार्क लेव्हॉय यांनी अशा चित्रणाची एक पद्धत मांडली, आणि आता कातडीआडचं हाड, हाडाआडची रक्तवाहिनी असं सगळं एकदम दिसतं. मग अडचण काय?

बघा, झाडामागची गाय झाडाने झाकली जाते, म्हणून ती मागे आहे हे आपल्याला कळतं. झाकणं हा खोलीचा मोठा पुरावा. पारदर्शकता नेमका तोच काढून घेते. रक्तवाहिन्यांसाठी वापरतात ती ‘एमआयपी’ पद्धत घ्या. प्रत्येक किरणाच्या वाटेवरचा सर्वांत तेजस्वी बिंदू तेवढा पडद्यावर येतो. तो जवळचा की लांबचा, चित्र सांगत नाही. फिरवून पाहिलं तरी ते डावीकडे फिरतंय की उजवीकडे, असा संभ्रम पडतो. आणि शल्यविशारदाला तर हेच हवं असतं: वाहिनी गाठीच्या पुढे आहे की मागे?

बर्कलीने १७०९ मध्येच म्हटलं होतं की अंतर थेट दिसत नाही, मन ते खुणांवरून ठरवतं. आपले नैयायिक म्हणतील, हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान. आणि अनुमानाला हेतू लागतो. संशोधक हा हेतूच परत आणतात. जवळचं लाल, लांबचं निळं. किंवा लांबचं धूसर. किंवा पुढच्या वाहिनीला काळी कडा, म्हणजे मागची तिथे तुटलेली दिसते.

आमच्या मते यांत कडा सरस. ती झाकणं परत आणते, पण गरजेपुरतंच. रंगाची किंमत जास्त: तो अंतर सांगू लागला की ऊतींचा भेद सांगायला मोकळा राहत नाही. आणि ‘सिनेमॅटिक रेंडरिंग’मधल्या मोहक सावल्या? त्या खोली दाखवतात खऱ्या, पण तो प्रकाश शरीरात कधी पडलेलाच नसतो. शिवाय काय पारदर्शक ठेवायचं, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं.

तेव्हा चित्र किती खरं वाटतं, ही कसोटी नव्हे. ते तपासता येतं का, ही कसोटी. रंगांचा अर्थ बाजूला लिहिलेला हवा, आणि मूळ छेद शेजारी उघडे हवेत. अनुमान करायला हरकत नाही. पण ते प्रत्यक्ष म्हणून रुग्णाच्या माथी मारू नये, एवढंच.