मालक कोण? आकड्यांच्या वादात हरवलेला प्रश्न

आपल्याकडे कामगार कायद्यांवरची चर्चा बरीच वर्षं एका आकड्याभोवती फिरते आहे. १९७६ च्या दुरुस्तीनं ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली. १९८२ च्या दुरुस्तीनं ही मर्यादा १०० वर आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं ती पुन्हा ३०० केली. एक पक्ष म्हणतो, या अटीमुळे मालक भरतीला बिचकतो. दुसरा म्हणतो, अट सैल झाली की कामगार उघड्यावर पडतो. पण मालक कोण, हे ठरलेलंच आहे, असं दोघंही धरून चालतात. आमचा आक्षेप इथेच आहे.

कंत्राटी कामगाराचं पाहा. १९७० च्या कायद्यानं ठरावीक कामांत कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला. बंदीनंतर तो कामगार मूळ आस्थापनेचा होतो का? सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये एअर इंडिया प्रकरणात 'हो' म्हटलं. २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटी प्रकरणात घटनापीठानं 'आपोआप नाही' असं सांगितलं. कंत्राट केवळ दिखाऊ असल्याचं सिद्ध झालं, तर गोष्ट वेगळी. म्हणजे बंदी मागणाऱ्याचं कंत्राटाबरोबर कामही जाऊ शकतं. मग ती मागणार कोण?

पुढचा टप्पा गिग कामगारांचा. सामाजिक सुरक्षा संहितेनं, २०२० मध्ये, त्यांची केंद्रीय कायद्यात प्रथमच दखल घेतली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण व्याख्या काय? पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर काम करणारी व्यक्ती! कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, त्यातून योजना राबवायच्या. विमा मिळेल, पण दर कमी केला तर वाटाघाट कोणाशी करायची?

'त्यांना वेळेचं स्वातंत्र्य असतं,' असं यावर म्हटलं जातं. असतंही. पण दर ॲप ठरवतं, आयडीही तेच बंद करतं. हुकूम चालतो, जबाबदारी मात्र कोणाची नाही.

तत्त्वज्ञानात आपण हक्काचा विचार करताना विचारतो, की त्याच्या बदल्यात कर्तव्य कोणावर? ज्याच्याकडे बोट दाखवता येत नाही, त्याच्याविरुद्ध हक्क कसा बजावणार? तेव्हा नव्या रोजगार धोरणात किती रोजगार, हे जरूर मोजू. पण त्यातल्या किती जणांना आपल्या मालकाचं नाव सांगता येतं, हेही मोजायला हवं.