व्हेनिसची वर्णने आणि व्हेनिसचे लोक

जगात काही स्थळे अशी आहेत की, ती प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच मनुष्य ती मनाने पाहून चुकलेला असतो. आग्र्याचा ताजमहाल, ईजिप्तमधील पिरॅमिड, नायगाराचा धबधबा ही त्यांतलीच होत. परंतु या मालिकेत व्हेनिसचे स्थान निराळे आहे. ताजमहाल ही समाधी आहे, पिरॅमिड हीही समाधीच आहे. तेथे कोणी संसार मांडून राहावे अशी कोणाची अपेक्षा नाही. व्हेनिस हे मात्र शहर आहे. तेथे माणसे जन्मतात, भाजीबाजार करतात, मुलांना शाळेत धाडतात आणि वार्धक्याने मरतात. असे असता जग त्या शहराकडे समाधीकडे पाहावे तसे पाहते. ही दृष्टी कोठून आली आणि ती घडविण्यात ग्रंथकारांचा वाटा किती, याचा विचार व्हेनिसविषयीचे तीन प्रसिद्ध लेखक समोर ठेवून येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विचार केवळ रसिकतेचा नाही. १९५१ साली व्हेनिसच्या बेटांवरील मूळ शहरात सुमारे पावणेदोन लक्ष लोक राहत होते. २०२२ साली ती संख्या पन्नास हजारांच्याही खाली गेली. रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत २००८ पासून रहिवाशांची संख्या दाखविणारा फलक लावलेला आहे. २००९ साली ती साठ हजारांखाली उतरली, तेव्हा काही नागरिकांनी शहराची शवपेटी करून ती ग्रँड कॅनॉल या मुख्य जलमार्गावरून नेली व आपल्याच गावाची प्रेतयात्रा काढली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी समुद्राचे पाणी नित्याच्या पातळीहून १९४ सेंटिमीटर चढले. त्या महापुराने अनेकांना घरे सोडावयास लावली, हे खरे. पण भरतीला अडविणारी फिरती दारे २०२० पासून उपयोगात आली, तरी माणसे परत आली नाहीत. घरांची भाडी चढली, राहती घरे पाहुण्यांना रोजावर देण्यात अधिक प्राप्ती होऊ लागली, आणि वाण्याच्या दुकानाच्या जागी मुखवटे विकणारे दुकान आले. शहर पाण्यात बुडण्याचे भय जगाने पुष्कळ वर्णिले. ते पाहुण्यांत बुडत असल्याचे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

आता ग्रंथांकडे वळू. पहिला मान जॉन रस्किनचाच. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ हा त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १८५१ ते १८५३ या काळात प्रसिद्ध झाला. आपल्याकडील वाचकांस रस्किन ठाऊक आहे तो बहुधा गांधीजींमुळे. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी त्याचे ‘अन्टू धिस लास्ट’ वाचले व पुढे ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा सारांश गुजरातीत उतरविला. त्या पुस्तकातील श्रमाविषयीच्या आदराचे बीज व्हेनिसच्या या ग्रंथात आहे. रस्किन शिडी लावून खांबांच्या माथ्यांपर्यंत चढला, त्याने कमानींची मापे घेतली, नक्षीतले एकेक पान वहीत उतरविले. गॉथिक शिल्पाच्या स्वरूपावरील त्याच्या प्रकरणात असे प्रतिपादन आहे की, ज्या दगडाच्या घडणीत कारागिराला आपल्या बुद्धीने काही करण्याची मोकळीक होती तोच दगड खरा सुंदर, मग त्यात हाताचे दोष का दिसेनात. विल्यम मॉरिस याला हे प्रकरण इतके मोलाचे वाटले की, १८९२ साली त्याने आपल्या छापखान्यातून ते स्वतंत्रपणे छापून काढले. इमारत पाहताना ती उभारणाऱ्या हातांचा विचार करावा, हा धडा रस्किनने दिला, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण ज्याला सहाशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाविषयी इतका जिव्हाळा, त्याला डोळ्यांपुढचा व्हेनिसकर का दिसू नये? रस्किन १८४९ च्या हिवाळ्यात तेथे पोचला, त्याच्या थोडेच महिने अगोदर ऑस्ट्रियाविरुद्ध उठलेले व्हेनिस वेढा, उपासमार आणि पटकी सोसून शरण गेले होते. या हालअपेष्टांची सावलीही ग्रंथावर फारशी पडलेली नाही. चालत्या काळातले लोक त्यात येतात ते सेंट मार्कच्या मंदिराच्या ओसरीत ऊन खात पडलेले रिकामटेकडे म्हणून. त्या भव्य दर्शनी भागाला विशोभित करणारा एक डाग एवढेच त्यांचे प्रयोजन. हे लोक रिकामे का, हा प्रश्न रस्किनसारख्या न्यायबुद्धीच्या पुरुषाने तेथे विचारू नये याचे आम्हांस आश्चर्य वाटते. आणखी एक विपर्यास पाहा. १८४६ साली खाडीवर पूल बांधून आगगाडी व्हेनिसपर्यंत आली, तिचा व तिने आणलेल्या गर्दीचा रस्किनला मनस्वी तिटकारा होता. परंतु काय पाहावे व काय टाकावे याची इमारतवार सूची त्यानेच ग्रंथाला जोडली, आणि पुढे १८७९ पासून प्रवाशांच्या सोयीसाठी ग्रंथाची संक्षिप्त आवृत्तीही काढली. गर्दीला नावे ठेवणाऱ्याने गर्दीच्या हाती यादी दिली! त्याच साली सेंट मार्कच्या दर्शनी भागाची मोडतोड करू पाहणाऱ्या जीर्णोद्धाराविरुद्ध इंग्लंडात चळवळ झाली, तिला रस्किनच्या ग्रंथाचे बळ होते. त्यामुळे दगड वाचले. लोकांसाठी तशी चळवळ कोणी केली नाही.

दुसरा लेखक हेन्री जेम्स. १८८२ साली प्रसिद्ध झालेला त्याचा व्हेनिसवरील निबंध पुढे ‘इटालियन अवर्स’ या १९०९ च्या संग्रहात आला. या शहराविषयी नवे सांगण्यासारखे काही उरलेले नाही, अशी कबुली देऊनच जेम्स आरंभ करतो, आणि तरीही ज्या सूक्ष्मतेने तो पाण्यावरचा प्रकाश, खिडकीतून दिसणारी सकाळ आणि मुक्काम लांबत जाईल तसतसा जडत जाणारा लळा वर्णितो, तिला तोड नाही. दोन दिवसांत पाहून निघून जाणाऱ्यास हे शहर कळत नाही. रोजच्या सहवासाने ते कळते, हे त्याचे म्हणणे अगदी यथार्थ आहे.

याच निबंधात जेम्सने एक सत्य इतक्या निर्भीडपणे सांगितले आहे की, त्यासाठी आम्ही त्याला रस्किनच्या वर बसविण्यास तयार आहोत. व्हेनिसच्या लोकांचे दारिद्र्य उघड्यावर मांडलेले आहे, ते देखाव्याचाच एक भाग बनले आहे, आणि स्थळवैशिष्ट्याच्या एखाद्या भक्ताला त्यातही गोडी वाटेल, अशा अर्थाचे तो लिहितो. वाळत घातलेले फाटके कपडे, पोपडे निघालेल्या भिंती, अनवाणी पोरे, यांना चित्रमय म्हणणारा प्रवासी कोणाच्या दैन्यावर आपली करमणूक करतो, हे जेम्सला पुरते उमगले होते. मात्र उमगूनही तो थांबत नाही. क्षणभर ओशाळून त्याची लेखणी पुन्हा सौंदर्याकडे वळते, आणि वाचकही तिच्यामागून सुखाने जातो. सहप्रवाशांच्या थव्याचा त्याला वीट येतो. तिथे आपण एकटेच असावे, असे त्याला वाटते. ही इच्छा प्रत्येक रसिक प्रवाशाच्या मनात असते आणि तीच त्याची गफलत आहे. कारण आपण सोडून बाकीचे सगळे परके, असे मानणाऱ्याला शहराचे खरे मालक कोण हे आठवतच नाही.

तिसरा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झालेला जॅन मॉरिस यांचा ‘व्हेनिस’. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाल्याची वार्ता ‘टाइम्स’ पत्राला पोचविणाऱ्या या लेखिका (त्या वेळी त्या जेम्स मॉरिस या नावाने लिहीत) कुटुंबासह काही काळ व्हेनिसमध्ये राहिल्या होत्या. ग्रंथाचे तीन भाग आहेत: लोक, शहर आणि खाडी. हा क्रमच आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. रस्किनने दगडापासून आरंभ केला, जेम्सने स्वतःच्या मनापासून. मॉरिस लोकांपासून आरंभ करतात. व्हेनिसकराचा ताठा, त्याची बोली, मुलांचे लाड, गल्लीतली मांजरे, दगडी सिंह, असा सारा संसार त्यांच्या पुस्तकात नांदतो. डोजचा, म्हणजे प्राचीन लोकसत्ताकाच्या आजन्म अध्यक्षाचा, प्रासाद त्यात येतो खरा. पण तो आधी भेटलेल्या लोकांच्या पूर्वजांचे घर म्हणून येतो, आणि त्यामुळे त्याची भव्यता कमी न होता ती आपलीशी होते. या ग्रंथात उणीव नाही असे नाही. लेखिकेचे प्रेम कधी कधी लाडात उतरते, आणि लहरी, विक्षिप्त तेवढे उचलण्याची हौस काही ठिकाणी नडते. तरीही पुस्तक मिटल्यावर व्हेनिस हे वस्तीचे गाव आहे, ही जाणीव मनात राहते. तिन्हींत प्रवाशाने एकच वाचावयाचा असेल तर आम्ही हाच सुचवू.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे, आणि तो मेरी मॅकार्थी हिने आपल्या १९५६ च्या पुस्तकात खुबीने मांडलाही आहे. प्रवाशांचे व्हेनिस हेच खरे व्हेनिस. त्याच्या आड दुसरे एखादे लपले आहे असे समजणे भ्रम होय, असा त्याचा आशय. इतिहास काही अंशी तिच्या बाजूने आहे. मध्ययुगात पवित्र भूमीला निघालेले यात्रेकरू व्हेनिसलाच जहाजात बसत, आणि त्यांच्यावर शहर भरपूर मिळवी. परंतु त्या काळी शहरापाशी स्वतःचे आरमार, गोदी, पेढ्या आणि काचकाम होते. पाहुणा हे अनेक उत्पन्नांपैकी एक होते. अनेक धंद्यांपैकी पाहुणचार हा एक धंदा असणे वेगळे, आणि गावाने स्वतःला विकावयास मांडणे वेगळे. २०२१ साली मोठ्या आरामबोटींना सेंट मार्कसमोरून जाण्यास मनाई झाली, आणि एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ झाला. पहिला उपाय इष्टच होता. दुसऱ्याविषयी आम्ही साशंक आहो. दाराशी तिकीट लावले की गावाचे संग्रहालय झाले, हे गावानेच मान्य केल्यासारखे होते.

आमच्या मराठी प्रवासवर्णनांना या चर्चेतून घेण्याजोगे काय आहे? आमची परंपरा या बाबतीत दरिद्री नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवरील ग्रंथाला ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असे नाव दिले. लोकस्थिती आधी, प्रवास मागाहून. गोडसे भटजी यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले व १८५७ च्या वणव्यात सापडले. १९०७ साली छापलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीचा किल्ला आहे, पण त्याहून झाशीची माणसे अधिक आहेत. या दोन्ही लेखकांना स्थळ प्रेक्षणीय आहे की नाही याची फिकीर नव्हती, आणि म्हणूनच त्यांची पुस्तके आजही वाचवतात. उलट आठ दिवसांत सहा देश पाहून आलेल्यांची जी वर्णने आज प्रसिद्ध होतात, त्यांत व्हेनिस म्हणजे नाव, पूल, कबुतरे आणि जेवणाची गैरसोय, यापलीकडे काही सापडत नाही. त्यात लेखकांचा सर्वस्वी दोष नाही. दोन तासांत माणसे भेटत नाहीत, दगड तेवढे भेटतात.

आता आमच्यातील पुष्कळ कुटुंबे सहलीच्या निमित्ताने युरोपला जातात, आणि ही गोष्ट आनंदाची आहे. त्यांनी जाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. एक रात्र अधिक राहावे, मुखवट्याच्या दुकानापेक्षा फळवाल्याकडे चार पैसे खर्च करावे, आणि परत आल्यावर लिहावयाचे झाल्यास पहिल्या पानावर तेथे कोण राहते ते लिहावे, एवढीच आमची विनंती आहे. असे लिहिता येत नसेल तर आपण काय पाहिले याचा पुन्हा एकदा विचार करण्यास हरकत नाही.