पारख रक्ताची की माणसाची?

रक्तदानापूर्वी बोटातून काढलेला थेंब मोरचुदाच्या द्रावणात सोडण्याची एक जुनी, स्वस्त चाचणी आहे. द्रावणाची सापेक्ष घनता १.०५३ असते. थेंब बुडाला तर १०० मिलिलिटर रक्तात निदान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे असे समजावे. तरंगला तर दाता परत. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. तेव्हा वर्ध्याच्या महाविद्यालयातील शिबिरातून मुली परत फिरल्या तर नवल नाही. हा नियम कडक आहे, पण तो तिचेच रक्त पाहतो आणि तिलाच जपतो. (लोहाच्या गोळ्यांविषयी अवाक्षर न काढता तिला घरी पाठवणे मात्र चूक.)

२०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतील दुसरा नियम तसा नाही. तृतीयपंथी, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, वेश्याव्यवसायातील स्त्रिया यांना तो सरसकट वगळतो. २०२१ मध्ये त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.

नियमामागची भीती खोटी नाही. एचआयव्हीची लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस कोणतीच चाचणी ती दाखवत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. ज्यांना वारंवार रक्त घ्यावे लागते, त्यांच्या वाट्याला हा धोका येतो. परंतु लागण वर्तनातून होते. त्याच यादीत ‘अनेक जोडीदार असणारे’ हा निकष आहेच. मग तृतीयपंथी असणे हे वेगळे कारण कशाला? ब्रिटनने २०२१ पासून स्त्री-पुरुष सर्व दात्यांना गेल्या तीन महिन्यांतील वर्तनाविषयी तेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. असे प्रश्न विचारायला आडोसा लागतो. भर मंडपात, मित्रांच्या घोळक्यात अर्ज भरणारा विद्यार्थी त्यांना खरे उत्तर कसे देणार?