छेदातला न्याय

एकाच प्रोसेसरवर दोन कामं सोबत चालली की बहुधा दोघांचाही वेग उतरतो. मग एकूण काम किती उरकलं, हे मोजायचं कसं? अ‍ॅलन स्नेव्हली आणि डीन टलसेन यांनी २००० साली एका शोधनिबंधात दिलेलं उत्तर एका ओळीत मावतं: प्रत्येक कामाचा सोबतीतला वेग भागिले त्याचा एकट्याचा वेग, आणि या भागाकारांची बेरीज. नाव ‘वेटेड स्पीडअप’.

या सूत्राचं सौंदर्य छेदात आहे. समजा, एक काम एकटं असताना दर सायकलला २ इन्स्ट्रक्शन्स उरकतं. दुसरं मेमरीची वाट पाहत ०.५च. एका मांडणीत त्यांना १.८ आणि ०.१ असा वेग मिळाला, दुसरीत १.२ आणि ०.४. नुसती बेरीज केली तर १.९ विरुद्ध १.६, म्हणजे पहिली सरस. दुसरं काम जवळजवळ थांबलंय, हे त्या बेरजेला दिसतच नाही. छेद आला की निकाल फिरतो: ०.९ अधिक ०.२ म्हणजे १.१, ०.६ अधिक ०.८ म्हणजे १.४. मुळात संथ असलेल्या कामाला इथे संथपणाची शिक्षा नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच.

मला सर्वांत भावतो तो यातला १. दोन्ही कामांना आळीपाळीने अर्धा-अर्धा वेळ दिला आणि अदलाबदलीचा खर्च वगळला, तर उत्तर बरोबर १ येतं. त्याच्या वर गेलं तर सोबत फळली, खाली आलं तर नडली. बाहेरून मापदंड आणावा लागत नाही. सूत्रच तो घेऊन येतं. कोणती कामं एकमेकांना मानवतात, हे आधी चाचपून मग जोड्या लावणारा स्नेव्हली-टलसेन यांचा शेड्युलर याच कसोटीवर पारखला गेला.

बेरजेची एक मर्यादा मात्र राहतेच. १ आणि ०.३ यांची बेरीज १.३, ०.६५ दोनदा घेतलं तरी १.३. झळ कुणी सोसली, हे ती सांगत नाही. म्हणून २००१ मध्ये लुओ, गुम्माराजू आणि फ्रँकलिन यांनी याच भागाकारांची हार्मोनिक सरासरी पुढे आणली. ती पहिल्या जोडीला सुमारे ०.४६ देते, दुसरीला ०.६५. २००८ मध्ये आयरमन आणि एकहाउट यांनी दोन्हींचे अर्थ उलगडले: बेरीज म्हणजे यंत्राचा थ्रूपुट, म्हणजे एकूण किती काम उरकलं ते, आणि त्या सरासरीचा व्यस्त म्हणजे प्रत्येक कामाला सरासरी किती पट उशीर झाला ते. पहिला प्रश्न यंत्र चालवणाऱ्याचा, दुसरा निकालाची वाट पाहणाऱ्याचा. दोघांनाही प्रामाणिक उत्तर मिळतं, कारण प्रत्येक कामाला एकट्याने काय साधलं असतं, हे दोन्ही हिशेब विसरत नाहीत.