उद्दिष्टे आणि आकृतिबंध : मराठी भाषा विभागाची चिकित्सा

महाराष्ट्र शासनाने २०१० मध्ये स्वतंत्र मराठी भाषा विभाग स्थापन केला. भाषा संचालनालय, साहित्य आणि संस्कृती मंडळ, विश्वकोश निर्मिती मंडळ व राज्य मराठी विकास संस्था या पूर्वीच्याच यंत्रणा त्याच्या अखत्यारीत आल्या. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या भाषा धोरणाने पुढील २५ वर्षांत मराठीला ज्ञानभाषा व रोजगाराची भाषा करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. ते स्वागतार्हच आहे. परंतु ते कोणाच्या हातून साध्य व्हावयाचे, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो.

या दृष्टीने मराठी विश्वकोशाचा इतिहास उद्बोधक आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विसावा खंड पूर्ण होण्यास २०१५ उजाडले. परिभाषानिर्मिती, अनुवाद व नोंदलेखन या कामांना विषयज्ञ आणि स्थिर मनुष्यबळ लागते. अतिरिक्त कार्यभार व कंत्राटी नेमणुका यांतून असे संचित निर्माण होत नाही. मराठीच्या पदवीधरास भाषा विभागातच स्थायी पद नसेल, तर ‘रोजगाराची भाषा’ ही संज्ञा पोकळ ठरते. म्हणून मंजूर पदांचा आकृतिबंध हीच धोरणाची खरी कसोटी होय. उद्दिष्टासमोर पदनाम, पात्रता व कालमर्यादा नमूद होत नाही, तोवर धोरण हा केवळ संकल्पच राहतो.