प्रस्तावनेत मजकूर नसावा

कोणाला पानाचं व्यसन असतं, कोणाला पत्त्यांचं. मला मजकुरावर मत देण्याचं आहे. कॉलेजात बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, जवळजवळ तेवढीच वर्षं मासिकांतून पुस्तकपरीक्षणं लिहिली, आणि निवृत्तीनंतर कोणी पुस्तकं पाठवीनासं झालं तेव्हा खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या घडीपत्रकाचं रसग्रहण सौ.ला ऐकवलं. ("निवेदनात संयम आहे, मात्र दुष्परिणामांच्या परिच्छेदात लेखक वाहवत गेला आहे.") तेव्हा आज ज्या वाङ्मयप्रकाराची समीक्षा मी करणार आहे त्याच्याकडे मराठी समीक्षेचं अजून लक्ष गेलं नसेल, तर माझं गेलं याचं श्रेय व्यासंगाला नाही, रिकामपणाला आहे. हा प्रकार म्हणजे संगणकाची तक्रार. सूनबाई तिला 'एरर' म्हणते.

२०२० सालच्या टाळेबंदीत सूनबाईचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं. टाळेबंदी उठली, टेबल काही परत मिळालं नाही. त्याच टेबलावर तिने अलीकडे एका दवाखान्याचं काम घेतलं. रोग्यांनी घरबसल्या फोनवरून नंबर लावायचा, पैसे भरायचे, पावती घ्यायची, असा कार्यक्रम होता. इंग्रजीत तो तयार होता. मराठीतही असावा असं तिने सुचवलं, त्यावर वरिष्ठ म्हणाले, सोमवारी दहा वाजता चालताना दाखव. नाहीतर मराठीचं नंतर बघू.

'मराठीचं नंतर बघू' हे वाक्य मी उभ्या नोकरीत इतक्यांदा ऐकलं आहे, की त्यातल्या 'नंतर'चा अर्थ मला शब्दकोशात बघावा लागत नाही. मी म्हटलं, "सूनबाई, शब्द मी देतो."

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. हल्ली कार्यक्रम आणि त्यातले शब्द वेगवेगळे ठेवतात. लग्नपत्रिकेचा छापखान्यातला नमुना एकच, वधूवरांची नावं वेगळ्या चिठ्ठीवर, तसं. या शब्दांच्या चिठ्ठीला रिसोर्स फाइल म्हणतात. दुसरी एक चिठ्ठी असते कॉन्फिगरेशनची. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे ठेवतो तसली: किल्ली अमुक ठिकाणी, दूध अर्धा लिटर, कोणी आलं तर हे सांगा. कार्यक्रम सकाळी उठला की आधी या चिठ्ठ्या वाचतो. फरक एवढाच की आपण 'अर्दा लिटर' लिहिलं तरी दूधवाला अर्धा लिटर घालतो. हा वाचक दूध बंद करतो आणि वर पत्र पाठवतो. ते पत्र म्हणजे आपला वाङ्मयप्रकार.

शुक्रवारी रात्री मी बसलो. 'कॅन्सल'चं 'रद्द करा' केलं. 'लोडिंग'चं मी 'थांबा, आणतो आहे' असं केलं होतं. सूनबाईने फार काही न बोलता 'कृपया थांबा' केलं. दोनशेच्या वर शब्द झाले. फोनवर दिसायचे ते एका फाइलीत, पावतीवर छापायचे ते दुसऱ्या फाइलीत. आणि पाटीवर अक्षर गिरवायला लागल्यापासून ज्या सवयीने वाण्याच्या यादीपासून प्राप्तिकराच्या हिशेबापर्यंत प्रत्येक कागद मी सुरू केला, त्या सवयीने पहिल्या फाइलीच्या अगदी वर, मधोमध, लिहिलं: ॥ श्री ॥

शनिवारी सकाळी पडदा लाल झाला. "कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग." म्हणजे मराठीत, प्रस्तावनेत मजकूर चालणार नाही.

वाचकहो, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मी स्वतः चाळीसेक प्रस्तावना लिहिल्या आहेत आणि हा नियम ठाऊक नसताना आयुष्यभर पाळला आहे. मराठी प्रस्तावनेवर इतकं नेमकं सूत्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. लेखकाशी असलेली ओळख चालेल, स्वतःच्या प्रकृतीची चौकशी चालेल, छपाईला झालेला उशीर चालेल, मजकूर नको!

पण रसग्रहण झालं की दोषदिग्दर्शनही आलं. ही फाइल होती एक्सएमएल पद्धतीची. ही पद्धत १९९८ साली प्रमाण ठरली आणि तिचा दंडक असा, की 'मी एक्सएमएल आहे' ही घोषणा करायची असेल तर ती फाइलीच्या पहिल्या अक्षरापासून. तिच्याआधी श्री नको, ग नको, नुसती मोकळी जागासुद्धा नको. तक्रारीतलं वाक्य खरं आहे, पण ते वाचणाऱ्याला 'तुमची पहिली ओळ काढा' एवढं साधं सांगत नाही. त्यात कधी कधी हा मजकूर डोळ्यांना दिसतही नाही. विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये फाइल साठवताना आरंभी तीन बाइट्सची एक अदृश्य खूण न विचारता लावी (२०१९च्या आवृत्तीपासून ती न लावता साठवता येतं). पडद्यावर फाइल धुतल्या तांदळासारखी, आणि काही वाचकयंत्रं मात्र त्या खुणेला मजकूर समजून हेच वाक्य सुनावणार. आमचं बरं होतं. आमचा श्री ढळढळीत दिसत होता.

सूनबाईने श्री पुसला. कोरी ओळ राहिली. पुन्हा लाल. या वेळचं वाक्य असं: "द प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन टार्गेट मॅचिंग", मग चौकटी कंसांत छोटा एक्स मोठा एक्स, छोटा एम मोठा एम, छोटा एल मोठा एल, "इज नॉट अलाउड."

नवकवितेच्या दुर्बोधतेवर आमच्या पिढीने घातलेले वाद मला आठवले आणि आपण उगाच त्या कवींच्या मागे लागलो असं वाटलं. अर्थ लावला तो असा. वर कोरी ओळ आल्यामुळे ती घोषणा आता पहिली राहिली नाही. मग यंत्र तिला घोषणा न मानता एक साधी सूचना मानतं, आणि 'एक्सएमएल' हे नाव, लहान लिपीत असो की मोठ्या, साध्या सूचनेला घेता येत नाही. म्हणून रागावतं कोणावर, तर त्या निरपराध घोषणेवर! खऱ्या गुन्हेगाराबद्दल, त्या कोऱ्या ओळीबद्दल, अवाक्षर नाही. जावई वरातीत एक पाऊल मागे राहिला म्हणून दारातल्या माणसाने 'या नावाच्या इसमास आत सोडता येत नाही' म्हणावं, तसं हे.

तक्रार अडखळल्याची जागा सांगते, चुकल्याची नव्हे. एक कंस लावायचा राहिला की तक्रार फाइलीच्या शेवटी येते. जेसन नावाच्या घराण्यात तर 'अनेक्सपेक्टेड एंड' असंच लिहून येतं, जे मी कितीतरी लघुकथांबद्दल कौतुकाने लिहिलं आहे. वायएएमएल घराण्यात मोकळ्या जागांना अर्थ असतो, ओळ आत सरकवायला टॅब वापरला की सोवळं मोडतं, आणि त्याच्या जुन्या, १.१ आवृत्तीच्या नियमाने नॉर्वे देशाचं 'एनओ' हे लघुरूप लिहिलं तर त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. एक अख्खा देश नाही! २००९ सालच्या १.२ आवृत्तीने हा नियम सुधारला, पण जुन्या नियमाने वाचणारी यंत्रं अजून आहेत.

मला हे सगळं समजायला दुपार झाली, कारण मी वरून खाली वाचत होतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, खालून वाचा." तिच्या जावा भाषेतल्या तक्रारी पन्नास-साठ ओळींच्या असतात. वरच्या ओळींत नुसता मानपान: अमक्याने तमक्याला बोलावलं, त्याने ढमक्याला. मध्ये मध्ये 'कॉज्ड बाय', म्हणजे 'याचं कारण', अशा ओळी असतात आणि मूळ कारण सहसा त्यांतल्या शेवटच्या ओळीत. मला एकदम ओळखीचं वाटलं. आमच्या वसतिगृहातल्या पत्रांत 'सा. न. वि. वि.' पासून म्हशीच्या प्रकृतीपर्यंत चार पानं असत आणि खरं पत्र 'ता. क.'मध्ये असे: मनिऑर्डर लवकर पाठवणे.

संध्याकाळी फोनवर मराठी आलं. मग पावती. तिथे तक्रार काहीच नव्हती, पावतीच होती. माझ्या प्रत्येक अक्षराच्या जागी आधी डोक्यावर तिरपी रेघ दिलेला इंग्रजी 'ए', मग चार पाय फुटलेलं वर्तुळ. दीर्घ वेलांटी आली की जपानी येनची खूण, ऱ्हस्व वेलांटी आली की उलटं प्रश्नचिन्ह! शुद्धलेखनाचे पेपर तपासताना माझ्या मनात हेच येई, फक्त मला चिन्ह सुचलं नव्हतं. कारण असं की यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट्सचं असतं, आणि जावाच्या आठव्या आवृत्तीपर्यंत या प्रकारच्या फाइलीतला प्रत्येक बाइट हा पश्चिम युरोपातलं एकेक स्वतंत्र अक्षर समजून वाचला जाई. २०१७ साली नवव्या आवृत्तीत हे सुधारलं. दवाखान्याचं यंत्र आठव्यावरच होतं. मग 'मराठी' हा शब्द पाच सांकेतिक आकड्यांत लिहून द्यावा लागला. हरकत नाही. निदान बिघडलेलं दिसत तरी होतं.

खरी भीती वाटली ती रविवारी. सगळं सामान दूरच्या मुख्य यंत्रावर चढवलं. तक्रार नाही, लाल अक्षर नाही. पावती काढली, तर स्वच्छ, सुबक, संपूर्ण इंग्रजी.

मी म्हटलं, "अगं, एरर कुठे आहे?"

"एरर नाहीच आहे, बाबा. मराठी सापडलं नाही की तो मुकाट्याने इंग्रजी दाखवतो. तशी सोयच आहे."

या सोयीवर माझा आक्षेप आहे आणि तो मी समीक्षक म्हणून नोंदवतो. शिष्टाचार म्हणून ती उत्तम. रोग्याला कोऱ्या पावतीपेक्षा इंग्रजी पावती बरी. पण मराठी नाही हे कोणाला कळणारच नाही. रोगी वाटेल ते समजून घेईल, दवाखाना म्हणेल चाललंय की, आणि वरिष्ठ म्हणतील, मराठी आहे ना आपल्याकडे? गाळलेले शब्द मोजणारे तपासनीस असतात म्हणे, पण ते कामाला लावावे लागतात. ती दोन उद्धट वाक्यं मला त्या क्षणी सज्जन वाटली. ती निदान 'मराठी अडलं आहे' म्हणून ओरडली होती.

सूनबाईने मग एक विलक्षण गोष्ट केली. मराठी फाइलीत तिने मुद्दाम एक मोडका सांकेतिक आकडा घुसवला. घरच्या यंत्रावर लगेच आरडाओरडा झाला. मुख्य यंत्रावर तीच मोडकी फाइल चढवली, तर तिथे शांतता, हसतमुख इंग्रजी पावती. "म्हणजे तिथे ही फाइल वाचतच नाहीये," ती म्हणाली.

मी चहा घ्यायला म्हणून उठलो, ते वेगळ्याच कारणासाठी. फार वर्षांपूर्वी एका शिक्षकाचा पहिला कथासंग्रह माझ्याकडे परीक्षणाला आला होता. मी तीन कथा वाचल्या आणि लिहिलं: भाषा ओघवती, मुखपृष्ठ आकर्षक, संग्रही असावा. महिन्याभराने त्याचं कार्ड आलं. चौथ्या कथेत नायिका एकसष्टाव्या पानावर वारते आणि सत्तराव्या पानावर चहा करते. एका खेड्यातल्या वाचकाने कळवलं, पण एकाही परीक्षणात ते आलं नाही, आपल्यासही ते खटकले नाही याचे आश्चर्य वाटते, असं त्याने लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं नाही. त्याचं दुसरं पुस्तक निघालं असेल, तर माझ्याकडे आलं नाही.

चहा घेऊन परत आलो तर सूनबाई फाइलीच्या नावाकडे बघत होती. नाव मी दिलं होतं. 'मेसेजेस' या इंग्रजी नावातला पहिला 'एम' मी मोठ्या लिपीत घातला होता, विशेषनाम म्हणून. तिच्या घरच्या विंडोजला छोटा एम आणि मोठा एम सारखेच. मुख्य यंत्र लिनक्सचं, त्याला ती दोन निराळी नावं. तो छोट्या एमची फाइल शोधत होता आणि मोठ्या एमची तिथेच समोर पडून होती. एम छोटा केला, मोडका आकडा काढला, आणि रात्री साडेअकराला पावतीवर 'रक्कम मिळाली' असं उमटलं. ऱ्हस्व-दीर्घासकट.

सोमवारी दहा वाजता तिने दाखवलं. मराठी राहिलं.

त्यानंतर तिने मला ती पहिली फाइल उघडून दाखवली. पहिल्या ओळीत घोषणा. दुसऱ्या ओळीत टिपणाच्या खुणांमध्ये, मधोमध, ॥ श्री ॥. घोषणेच्या खाली टीप चालते म्हणे, प्रस्तावनेतसुद्धा.

"पण यंत्र ही ओळ सोडून देतं हं, बाबा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "असू दे. आमचे मास्तरही तिच्या खालपासूनच मार्क द्यायला लागत."